महिन्यातून एक दुपार त्यांना एकत्र बसू द्या: गोव्यातल्या माजी सैनिक संघटनांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातल्या माजी सैनिक संघटनांचे पदाधिकारी आणि सैनिक कल्याणाचं काम पाहणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वाळपईजवळच्या एका गावातली. शाळेत विज्ञान शिकवते. माझे सासरे सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या संदेशवहन शाखेतून, हवालदार म्हणून निवृत्त झाले. वय ८४. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. त्यांना आता जवळजवळ काही दिसत नाही आणि जवळजवळ काही ऐकू येत नाही. 'जवळजवळ' हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिला, कारण सगळा घोळ त्या शब्दातच आहे. पूर्ण दृष्टी गेलेला माणूस लोकांना ओळखू येतो, पूर्ण बहिराही येतो. दोन्हीकडे थोडं थोडं उरलेला म्हातारा मात्र कुणालाच कळत नाही. तो विसराळू वाटतो, हट्टी वाटतो, माणूसघाणा वाटतो. एका डॉक्टरांनी तर बाबांच्या देखत मला विचारलं, "डिमेन्शिया कधीपासून आहे?" त्यांनी बाबांना चार प्रश्न विचारले होते. बाबांनी एकाचंही उत्तर दिलं नव्हतं, कारण प्रश्न विचारले गेलेत हेच त्यांना कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका मेळाव्याचं आमंत्रण आलं. मांडव, बॅनर, ज्येष्ठांचा सत्कार, नंतर जेवण. मोठ्या हौसेने इस्त्रीचा शर्ट घालून, छातीवर पदकं लावून बाबा आले. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. दोन तास भाषणं झाली. कर्णा अगदी डोक्यावर होता, त्यामुळे त्यांच्या कानातल्या यंत्रात नुसता खरखराट. त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं. सगळे टाळ्या वाजवायचे तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचं कोपर हलायचं. ते कोपर लागलं की बाबाही टाळ्या वाजवायचे. त्यामुळे त्यांच्या टाळ्या नेहमी थोड्या उशिरा. मागच्या रांगेतली दोन पोरं हसली. मी वळून बघितलं तेव्हा गप्प बसली.

शाल-नारळ झाला, लोक जेवायला उठले आणि शेजारच्या त्या कोपराच्या मालकाला न्यायला त्याचा मुलगा आला. मला बघून म्हणाला, "वहिनी, तुम्ही? मग हे बाबा का?" ते पेडण्याचे काका होते. बाबांबरोबर एकाच कंपनीत होते, १९७१ला शकरगडच्या बाजूला दोघे एकाच खंदकात वायरलेस सेट सांभाळत होते. माझ्या लग्नात जेवणाची पंगत त्यांनीच लावली होती. पुढे बाबांना फोनवरचं समजेना, मग काकांनाही समजेना, आणि बोलणं सुटलं ते सुटलंच. काकांचाही एक डोळा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसून गेला, दुसरा काचबिंदूने. दोन जिवलग मित्र दोन तास एकमेकांना कोपर लागेल इतके जवळ बसले होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

आम्ही त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. बाबा गोंधळले. हात कुणाचा ते कळेना. काकांनी त्यांचं मनगट धरलं आणि अंगठ्याने दाबायला लागले. छोटा दाब, लांब दाब, थांबा. पुन्हा छोटा, लांब. मला वाटलं त्यांचा हात थरथरतोय. तेवढ्यात बाबांचा चेहरा जो बदलला तो मला लिहून सांगता येणार नाही. त्यांनीही काकांच्या मनगटावर ठोकायला सुरुवात केली, इतकी भराभर की काका म्हणाले, "हळू रे! माझा स्पीड गेला!" ते तोंडाने म्हणाले. बाबांना अर्थात ऐकू आलं नाही. मग तेही त्यांनी ठोकून सांगितलं.

मॉर्स कोड, तारेने संदेश पाठवायची ठिपक्या-रेघांची लिपी. जबलपूरला पोरवयात शिकलेली. लहान दाब म्हणजे डिट, लांब म्हणजे डा. मांडववाले खुर्च्या घडी करत होते, आचारी भांडी उचलत होता, आणि हे दोघे चाळीस मिनिटं उभ्याने बोलत होते. मागच्या दोन वर्षांत बाबा चाळीस मिनिटं कुणाशीही बोलले नव्हते.

हे पत्र त्या चाळीस मिनिटांबद्दल आहे. यंत्रं, काठ्या, दाखले यांबद्दलही थोडं लिहिते, पण मागणं तेवढंच आहे: डोळे आणि कान दोन्ही गेलेल्या म्हाताऱ्या सैनिकांना महिन्यातून एक दुपार एकत्र बसू द्या.

आधी दोन्ही जाणं म्हणजे काय ते सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की डोळ्यांचा त्रास अधिक कानांचा त्रास, एवढाच हिशेब. तसं नाही. बहिरा माणूस डोळ्यांनी भागवतो. ओठ बघतो, हावभाव बघतो, पाटीवर लिहून दाखवलेलं वाचतो. आंधळा कानांनी भागवतो. पावलांवरून माणूस ओळखतो, रेडिओ ऐकतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. दुसरंही गेलं की भरायला काही उरत नाही. म्हणून अंधांसाठी असलेला गट बाबांच्या कामाचा नाही, तिथे सगळं बोलून चालतं. बहिऱ्यांचा गटही कामाचा नाही, तिथे सगळं बघून चालतं.

मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. तोफेजवळ सेट घेऊन बसलेल्या ऑपरेटरच्या कानाला त्या काळी संरक्षण म्हणजे कापसाचा बोळा. आतल्या शंखातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मराठीत याचा परिणाम असा होतो की स्वर ऐकू येतात आणि व्यंजनं गळतात. 'सात', 'हात', 'भात' सगळं 'आ' होऊन येतं. आपण ओरडलो की तो 'आ' मोठा होतो, 'स' काही परत येत नाही. म्हणून बाबा म्हणतात, "ओरडू नकोस, ऐकू येतंय, कळत नाहीये." पूर्वी ते ओठ बघून फरक ओळखायचे. 'पान' आणि 'मान' ओठांवर एकसारखेच दिसतात, पण विषयावरून जमायचं. मग काचबिंदू आला. काचबिंदूत नजर कडेकडेने बंद होत जाते, गेलेली परत येत नाही, आणि बरंच नुकसान होईपर्यंत माणसाला कळतही नाही. आता बाबांना पोफळीच्या नळीतून बघितल्यासारखा मधला एक ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात ओठ सापडेपर्यंत वाक्य संपलेलं असतं.

यंत्र आहे की, असं म्हणाल. आहे. चांगलं आहे. त्याचा सेल मसुराच्या डाळीपेक्षा जेमतेम मोठा. तेराशे रुपयांच्या मोबाईलचा सेल कसा घालायचा ते तरी बोटांना कळतं. हा सेल कुठली बाजू वर हे डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि त्याच्यावरचा तो नारिंगी कागद सोलला की सेल चालू होतो, मग वापरा किंवा नका वापरू. बाबांनी एकदा अख्खं पाकीट सोलून ठेवलं होतं, मोजायला सोपं म्हणून. अंधाऱ्या बोटांसाठी ही वस्तू केलेलीच नाही.

आता एक घरगुती गोष्ट. लिहू की नको असं चार वेळा झालं.

बाबांशी बोलायचं तर त्यांचा हात हातात घ्यावा लागतो. दुसरा रस्ता नाही. मी त्यांची सून आहे. सासूबाई गेल्या, नवरा पिसुर्ल्याच्या कारखान्यात पाळीला जातो, मी शाळेतून आले की घरात आम्ही दोघंच. आमच्या घरात सुनेने सासऱ्याच्या पायांना हात लावायचा, हाताला नाही. मेळाव्यानंतर मी मॉर्सचा तक्ता छापून आणला, स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवला आणि पाच-सहा दिवसांत अक्षरं पाठ केली. पहिल्यांदा त्यांचं मनगट धरलं तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. रागाने नाही, संकोचाने. मलाही घाम फुटला होता. शेवटी मी 'टी' ठोकला. मॉर्समध्ये 'टी' म्हणजे नुसता एक लांब दाब. चहा. ते हसले आणि म्हणाले, "साखर कमी." तेव्हापासून चहा, जेवण, गोळ्या, पाऊस, लाइट गेली, एवढं आमचं चालतं. माझा वेग मिनिटाला तीन शब्द. बाबा जवानांना शिकवत होते तेव्हा बाराच्या खालचा पोरगा नापास.

पण सुनेला सांगायच्या गोष्टी वेगळ्या आणि दोस्ताला सांगायच्या वेगळ्या. काकांशी त्या दिवशी काय बोललात, असं मी विचारलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला अंगणात गाड्या दिसतात." मिलिटरीच्या ट्रकांची रांग, हिरव्या ताडपत्र्या, आवाज काही नाही. वर्षभर दिसत होत्या आणि आम्हाला वेड लागलं असं वाटेल म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. काकांना सांगितलं. काकांनी उलट ठोकलं की मलाही दिसतात, मला बायका दिसतात, डोक्यावर फुलांच्या टोपल्या. दोघे हसले म्हणे. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. दृष्टी गेलेल्या पुष्कळांना असं दिसतं. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू स्वतःच चित्रं काढतो, वेडाशी त्याचा संबंध नाही. मी वाचून खात्री करून घेतली आणि बाबांना सांगितली, पण खरं सांगू, त्यांना माझ्या खात्रीची गरज उरली नव्हती. टोपल्यावाल्या बायकांनी काम केलं होतं.

आधारगट म्हणतात तो हाच. कुणी समुपदेशक येऊन व्याख्यान देतो तो नव्हे.

आणि ही कल्पना फौजेला नवी नाही. लंडनला १९१५ साली आर्थर पिअर्सन नावाच्या वृत्तपत्रमालकाने युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स सुरू केलं. त्याची स्वतःची दृष्टी काचबिंदूनेच गेली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ला, त्याच नावाचं वसतिगृह आपल्याकडे देहरादूनला निघालं, आणि देशातली अंधांसाठीची आजची राष्ट्रीय संस्था त्याच रोपट्याची. अमेरिकेत १९४५च्या मार्चमध्ये कनेक्टिकटमधल्या एका लष्करी पुनर्वसन केंद्रात शंभरेक दृष्टिहीन सैनिकांनी आपली आपण संघटना काढली, ती अजून चालते. हातपाय गमावलेल्या जवानांसाठी १९१७ साली निघालेली क्वीन मेरीज संस्था आज खडकीला आहे. म्हणजे जखम एका क्षणात झाली तर फौजेने संस्था उभ्या केल्या. बाबांची जखम चाळीस वर्षं झिरपत आली, पेन्शनीनंतर पुरी झाली. तिला तारीख नाही, म्हणून तिच्यासाठी खोलीही नाही.

कायद्यात जागा आहे, अर्धवट. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले, त्यात बहुविकलांगतेखाली बधिरांधत्व आहे. पण व्याख्या वाचली तर संवाद, विकास आणि शिक्षण यांतल्या गंभीर अडचणी असं लिहिलेलं. जन्मापासून न दिसणाऱ्या-न ऐकणाऱ्या मुलासाठी बेतलेली ती ओळ, ८४ वर्षांच्या हवालदाराचा विकास कुठला काढायचा? तरी एक गोष्ट तुमच्या सभासदांना जरूर सांगा, कारण फार थोड्यांना माहीत असते. डोळ्यांची टक्केवारी ३० आणि कानांची ३० आली तर माणूस दोन्हीकडून दाखल्याला लागणाऱ्या ४० टक्क्यांच्या खाली म्हणून परत फिरतो. दोन्ही एकत्र करायचं सूत्र आहे. मोठ्या आकड्यात लहान आकडा तसाच मिळवत नाहीत, नव्वदातून मोठा आकडा वजा करून त्या प्रमाणात मिळवतात. ३० आणि ३० चे ५० होतात. दाखला मिळतो. फक्त दोन्ही तपासण्या एकाच अर्जात मागायला हव्यात.

दाखल्यावरून आठवलं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. एका ठिकाणाहून घरी माणूस आला, भला मुलगा, त्याने मोबाईल बाबांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "आजोबा, डोळ्यांची उघडझाप करा." मी हातावर ठोकलं, डोळे मिटा. बाबांनी मिटले. मिटलेच. हुकूम तेवढाच होता, उघडा असा आला नव्हता. तीनदा असं झाल्यावर तो मुलगा आणि मी पोट धरून हसलो आणि शेवटी बोटाचा ठसा घेतला. पेन्शनच्या नव्या व्यवस्थेला 'स्पर्श' नाव आहे. नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला क्षणभर वाटलं, कुणीतरी बाबांचाच विचार केलाय.

पण त्या नोव्हेंबरातच माझं पहिलं मागणं आहे. दरवर्षी त्या महिन्यात प्रत्येक पेन्शनरशी कुणी ना कुणी संपर्क करतंच. तेव्हा दोन प्रश्न विचारा. समोरच्याचा चेहरा ओळखू येतो का? शेजारच्या खोलीतलं बोलणं समजतं का? दोन्हींना 'नाही' आलं की नाव एका वहीत. 'असे किती जण असतील हो' हे मला दोघांनी ऐकवलं. वही करा, मग आकड्यावर बोलू. आज मला दोन माहीत आहेत आणि ते दोघे एकमेकांच्या शेजारी बसून हरवले होते.

दुसरं, जागा. सभागृह नको. मांडव तर नकोच. एक लहान खोली, पडदे असलेली, पंखा आवाज न करणारा, ट्यूबलाइट सतत फडफडत नसलेली. जमिनीवर फरशी, तिथे आवाज घुमतो, म्हणून एखादी सतरंजी. खिडकी त्यांच्या पाठीशी, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडतो आणि ज्यांना थोडं दिसतं त्यांना ओठ दिसतात. पाच-सहा माणसं, त्याहून जास्त नकोत. प्रत्येकाबरोबर एक सोबती, जो चाललेलं बोलणं हातावर उतरवील. मॉर्स सगळ्यांना येणार नाही. पायदळवाल्यांना कुठून येणार? त्यांच्यासाठी तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढायचं, मोठं, एकावर एक, हातभर पसरून नाही. देवनागरी चालते, फक्त काना-मात्रा घालत बसू नका, 'पणी' काढलं तरी तहानलेल्याला पाणी कळतं. हे शिकायला कुणालाही एक दुपार पुरे.

सोबती कुठून आणायचे? पणजीत सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्याच शाखेच्या म्हाताऱ्या उस्तादांचा हात धरायला तिथली पोरं महिन्यातून एकदा येणार नाहीत असं मला वाटत नाही. विचारायचं तुम्ही, माझ्यासारखीने पत्र पाठवून ते होणार नाही. पणजीत २०२३पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा उत्सव भरतो, तिथे खुणांची भाषा जाणणारी, दिव्यांगांबरोबर वावरलेली स्वयंसेवक मुलं तयार झालीत. उत्सव संपला की ती वर्षभर काय करतात?

तिसरं, आम्ही. शेजारच्या खोलीत सुना, मुली, बायका बसू दे. चहा आम्ही करू. आम्हालाही दोन तास एकमेकींशी तोंडाने बोलायला मिळेल. मी घरात अलीकडे इतकी ओरडून बोलते की वर्गातली मुलं म्हणतात, मॅडम, आम्हाला ऐकू येतंय.

आणि चौथं, ज्यावाचून वरचं सगळं फुकट: गाडी. वाळपईहून म्हापसा एक बस, म्हापशाहून पेडणे दुसरी. दिसत-ऐकत नसलेल्या माणसाला घेऊन म्हापशाच्या स्टँडवर कदंबची बस बदलून बघा एकदा. मधे कुणी हात लावला तर तो माणूस दचकतो, कारण त्याच्या लेखी तो हात हवेतून आलेला असतो. त्या मेळाव्यानंतर बाबा आणि काका एकदाच भेटलेत, चवथीला, माझ्या नवऱ्याने मित्राची गाडी मागून आणली तेव्हा. त्या वेळी आरतीला काकांच्या पुतण्याने घुमट घेतलं होतं. त्याने दोघा म्हाताऱ्यांचे तळवे मडक्याच्या पोटावर ठेवले आणि वाजवायला लागला. आरती संपल्यावर बाबांनी काकांच्या मनगटावर काहीतरी ठोकलं. मी वाचायचा प्रयत्न केला, वेग झेपला नाही. काका मोठ्याने म्हणाले, "ताल चुकला म्हणतो हा. पोरगा दुसऱ्या कडव्याला घाई करतोय." पुतण्याने कबूल केलं.

१४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. बहुतेकदा संक्रांतही असते. तुमच्याकडे कार्यक्रम ठरला असेलच, शाली आणल्या असतील. या वर्षी बाबांना शाल नको. त्या दिवशी कुठलीही एक लहान खोली द्या आणि पेडण्याला एक गाडी पाठवा. आमचं आम्ही कसंही येऊ.

आपली नम्र,
एका हवालदाराची सून
सत्तरी, गोवा

ता. क. उत्तर द्याल तर फोनवर नको, कागदावर द्या. ते मला बाबांच्या हातावर वाचून दाखवायचं आहे, आणि माझा वेग मिनिटाला तीन शब्द. म्हणून 'आपल्या पत्राची योग्य ती दखल घेण्यात येत आहे' असलं काही नको. तारीख आणि जागा एवढंच लिहा.